‘सॉरी म्हण आणि मिटव’

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या वर्गशिक्षिका लिहितात: वर्गात ६२ मुलं. स्नेहसंमेलनात काढलेल्या एका मुलाच्या फोटोवरून तिघांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर बनवलं आणि खाली त्याच्या जाडीवरून पाडलेलं नाव टाकलं. आठवडाभर ते वर्गाच्या ग्रुपवर फिरत राहिलं. आईची तक्रार आल्यावर हेडसरांनी तिघांना पालकांसह बोलावलं, ऑफिसात सॉरी म्हणायला लावलं आणि तीन दिवस घरी बसवलं. तिघेही परत आले. ज्याचं स्टिकर झालं तो मात्र १६ दिवस शाळेत आलेला नाही. एका प्रशिक्षणात ‘पुनर्स्थापक न्याय’ हा शब्द बाईंच्या कानावर पडला. आमच्यासारख्या शाळेत ते जमेल का, की हे पुन्हा मुलांचे लाडच, असं त्या विचारतात. शेवटी एक वाक्य त्यांनी कंसात लिहिलं आहे, त्याकडे मी नंतर येते.

बाई, त्या १६ दिवसांपासूनच सुरुवात करू. तिघांना शिक्षा झाली, रजिस्टरला नोंद झाली, पालकांच्या सह्या झाल्या आणि ज्याचं काहीच चुकलं नव्हतं तो घरी बसला. तरी शाळेच्या हिशेबी प्रकरण मिटलं. मी अकरा वर्षं गणित शिकवलं आणि त्यानंतर पंधरा वर्षं समुपदेशक म्हणून शाळाशाळांतून फिरते आहे. ‘मिटवून टाका’ हे शब्द ऐकले की मला आता धास्ती वाटते.

ऑफिसातलं सॉरी तुम्ही पाहिलं असेलच. मुलगा हेडसरांच्या टेबलाशी उभा, नजर काचेखालच्या वेळापत्रकावर. ‘म्हण सॉरी.’ तो म्हणतो. ‘मोठ्यानं.’ मोठ्यानं म्हणतो. मग सगळे दुसऱ्याकडे बघतात आणि त्याला ‘इट्स ओके सर’ म्हणावंच लागतं, कारण दोघांचे आईबाप समोर आहेत आणि शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन दारात थांबलेत. दीड मिनिटात सगळं आटोपतं. जिन्यात पहिला दुसऱ्याला कोपर मारतो, तेही दीड मिनिटाच्या आतच. या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारलेला नसतो: तुला काय हवंय?

पुनर्स्थापक न्याय म्हणजे मुळात हा प्रश्न आधी विचारायचा. शब्द जड आहे, शाळेत मी तो वापरत नाही. त्यामागची गोष्ट साधी आहे. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, एल्मायरा गावात, दोन तरुण पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली; टायर फाडले, खिडक्या फोडल्या. मार्क यान्त्झी या प्रोबेशन अधिकाऱ्यानं न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात नेऊ. पोरं घरोघर गेली, लोकांचं ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत भरपाई दिली. १९८९ मध्ये न्यूझीलंडनं तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या कुटुंबबैठकीची रीत मुलांसाठीच्या कायद्यातच आणली. ऑस्ट्रेलियात वाग्गा वाग्गा इथल्या टेरी ओ'कॉनेल या पोलीस सार्जंटनं ठरावीक प्रश्नांची बैठक बसवली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलंडमध्ये मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी ती एका हायस्कूलात वापरली. हॉवर्ड झेर या अमेरिकन अभ्यासकांनी यामागचा विचार नीट मांडला. कोणता नियम मोडला, कोणी मोडला आणि त्याला काय शिक्षा द्यायची, असं आपण विचारतो. त्याऐवजी कोणाला लागलं, त्याला काय हवंय आणि ते करणं कोणाच्या अंगावर येतं, असं विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते एका सायकलीवरून सांगते.

मानव विकास योजनेतून मुलींना सायकली मिळतात, तशी एका आठवीतल्या मुलीला मिळाली होती. घर शाळेपासून चार किलोमीटरवर. नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत तिच्या सायकलची हवा सोडायचा आणि व्हॉल्व्ह काढून फेकून द्यायचा. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मामांनी त्याला पकडलं. दोनशे रुपये दंड आणि सॉरी असं शाळेत जवळजवळ ठरलंही होतं. मी त्या आठवड्यात तिथं होते म्हणून मला विचारलं.

आधी मी मुलीला एकटीला भेटले. ‘तुला काय हवंय?’ म्हटलं तर म्हणाली, ‘काही नको.’ हे उत्तर मला शंभरातल्या नव्वद वेळा मिळतं आणि ते खरं नसतं. मुलांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो, त्यामुळे त्याचं उत्तर तयार नसतं. दोन दिवसांनी पुन्हा भेटले. मी मनात नवा व्हॉल्व्ह, स्टँडवर लक्ष ठेवायला कोणीतरी, असं काहीबाही धरून गेले होते. ती म्हणाली, ‘माझ्या बाबांना सांगा.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन संध्याकाळी ती सायकल ढकलत चालत घरी गेली होती. उशीर झाला म्हणून वडिलांनी विचारलं, कुठं हिंडत होतीस? तिनं खरं सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. ‘आठवी झाली की बास’ असं घरात बोलणं सुरू झालं होतं. पंक्चरवाल्याच्या पैशांचं तिला काहीच नव्हतं.

बैठक ग्रंथालयात घेतली. सतरंजीवर गोल करून सात जण बसलो. ती, तिनं निवडलेली मराठीची बाई, तिची आत्या, तो, त्याची आई, त्याचे वर्गशिक्षक आणि मी. बोलायची वस्तू म्हणून डस्टर. ज्याच्या हातात डस्टर तोच बोलेल. त्याला मी विचारलं, काय झालं? ‘हवा सोडली.’ तेव्हा मनात काय चाललं होतं? ‘काही नाही, गंमत.’ कोणाकोणाला त्रास झाला असं वाटतं? ‘हिला. पंक्चरवाल्याचा धंदा झाला.’ हे म्हणताना तो हसला, वर्गशिक्षकही गालात हसले. मग डस्टर तिच्याकडे गेलं. डस्टरच्या फेल्टकडे बघत ती म्हणाली, ‘तीन दिवस चालत गेले. ओढ्याच्या पुढं लाईट नाही.’ एवढ्यावर थांबली. मुलाची आई नियम विसरून मध्येच म्हणाली, ‘ओढ्यापाशी? एकटी?’ आणि मुलानं पहिल्यांदा मान वर करून आईकडे पाहिलं. मी नियमाची आठवण करून दिली नाही. तशी जागा असते, तिथं गप्प बसायचं.

पुढं तो म्हणाला, मी रोज हवा भरून देईन. आम्ही मोठी माणसं खूश. ती म्हणाली, ‘माझ्या सायकलला हात लावायचा नाही.’ हे तिचं म्हणणं मी वहीत तसंच लिहून घेतलं. मग वडिलांचा विषय निघाला. त्या रविवारी तो मुलगा, त्याचे वडील आणि वर्गशिक्षक तिच्या घरी गेले. मुलानं तिच्या वडिलांना सांगितलं की हवा मी सोडत होतो, तिचं खरं होतं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि चहा घेणार का विचारलं. बाकी काही बोलले नाहीत. मुलगी त्याच शाळेतून दहावी झाली.

तो मुलगा सुधारला असं मी सांगणार नाही. दोन महिन्यांत प्रयोगशाळेतल्या काचनळ्या फोडताना सापडला. सायकल स्टँडकडे मात्र पुन्हा फिरकला नाही.

या बैठकीत ‘का केलंस?’ असं मी एकदाही विचारलेलं नाही. ‘का’ म्हटलं की मूल एकतर ‘माहीत नाही’ म्हणतं किंवा वकिली सुरू करतं. ‘काय झालं’ याला उत्तर देता येतं. दुसरं, तासाभराच्या बैठकीआधी माझे पाच-सहा तास वेगवेगळ्या भेटींत गेले होते. प्रशिक्षणात गोल बसायचं कसं ते दाखवतात, हे सहा तास दाखवत नाहीत. आणि सॉरी हा शब्द त्या खोलीत कोणी उच्चारलाच नाही.

आता माझ्या हातून चुकलेलं सांगते, कारण तुमच्याकडेही हे घडू शकतं. समुपदेशनाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत सातवीतल्या मुलाला वर्गातली मुलं जातीवरून हाक मारत. मी नव्या उत्साहात गोल बसवला. मुलाच्या बाजूनं एकटी आई आली, शेतमजुरी सोडून. समोर पाच मुलं आणि त्यांचे पाच वडील. त्यातले दोघे शाळा व्यवस्थापन समितीवर, एकाच्या शेतावर ती माऊली कामाला जायची. सगळे गोड बोलले. ‘पोरं आहेत, होतं असं, आपल्याला एकाच गावात राहायचंय.’ मुलगा म्हणाला, ठीक आहे. आईही म्हणाली, ठीक आहे. मी समाधानानं वहीत लिहिलं. घरी येताना एसटीत लक्षात आलं की मी पंचायत भरवली होती.

आपल्याकडे हा धोका बाहेरच्या देशांपेक्षा जास्त आहे, असं माझं मत. एकत्र बसून वाद सोडवण्याची आपल्याला नवलाई नाही. २००७ पासूनची तंटामुक्त गाव मोहीम आपण पाहिली आहे. त्यात चांगलं काम झालं, आणि कमजोर बाजूला दाबून ‘समजुतीनं’ घ्यायला लावलं जाण्याची भीतीही कायम राहिली. जातपंचायतीही गोलच बसत आणि माणसाला वाळीत टाकत. त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. म्हणून बैठकीआधी मी आता कागदावर दोन रकाने काढते. इकडे किती माणसं, तिकडे किती. कोणाचं पोट कोणावर चालतं. कोण कोणासमोर खुर्चीत बसत नाही. तोल बसत नसेल तर बैठक घ्यायची नाही. जातीवरून अपमान असेल तर कायद्याची वाट आहे, ती पालकांना समजावून सांगायची आणि त्यांना ती घ्यायची असेल तर शाळेनं आड यायचं नाही.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर गोल, बैठक, समजूत, सगळं बंद. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळलेल्या माणसावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे आणि शाळेची अब्रू हे न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही. तुमच्या प्रकरणातलं स्टिकर नुसतं जाडीवरून आहे ना, याची आधी खात्री करून घ्या. त्याच फोटोची दुसरी, घाणेरडी आवृत्ती फिरत असण्याची शक्यता असते आणि मुलं ती बाईंना दाखवत नाहीत.

लाडाबद्दल. पालक म्हणणारच. हेडसरही म्हणतील. त्यांना दोन गोष्टी सांगा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे. अंगठे धरून उभं करणं, बाकावर उभं करणं हे सगळं त्यात येतं. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणजे ‘दाखला हातात ठेवीन’ ही धमकी नुसतीच हवा आहे आणि आठवीतल्या मुलांना ते चांगलं ठाऊक असतं. दुसरी गोष्ट, घरी बसवलेल्या तिघांनी ते तीन दिवस काय केलं असेल? मोबाईल पाहिला असेल. ज्याला आपल्यामुळे लागलं त्याच्यासमोर बसून त्याचं ऐकणं त्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. एका दहावीच्या मुलानं मला सरळ सांगितलं होतं, मॅडम, दोन छड्या मारा आणि सोडा ना.

तरी याला रामबाण समजू नका. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये रँड या संशोधन संस्थेनं ४४ शाळांची पाहणी केली. २२ शाळांत ही पद्धत, बाकीच्यांत नेहमीचीच. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. मुलांना घरी बसवण्याचे दिवस कमी झाले आणि शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. मुलांना मात्र तसं वाटलं नाही, आणि सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण थोडे घसरले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या ४० माध्यमिक शाळांचा अभ्यास आला, त्यात दादागिरीचा त्रास थोडा कमी झाल्याचं दिसलं. फरक लहान, पण खरा. पिट्सबर्गची गोष्ट मी हेडसरांपासून लपवत नाही. मला स्वतःला त्यातून असं वाटतं की मोठ्यांचा ताण आधी हलका होतो आणि आपण खूश होऊन थांबतो, मुलांपर्यंत ते पोचलं की नाही हे बघायचं राहून जातं.

६२ मुलांचं जमेल का? भांडणाच्या दिवशीच पहिल्यांदा गोल बसवलात तर नाही जमणार. हे काम आधी साध्या दिवसांत करून ठेवावं लागतं. वर्गाचे तीन गट करा, प्रत्येक गटाला आठवड्यातून एकदा वीस मिनिटं. परिपाठानंतरचा वेळ घ्या, किंवा ऑफ तास आला की तो. बाक सरकवत बसू नका, त्यातच दहा मिनिटं जातात, व्हरांड्यात बसा. प्रश्न हलके ठेवा. घरी तुला कोणत्या नावानं हाक मारतात? आज येताना वाटेत काय दिसलं? डस्टर हातात आलं तरी न बोलता पुढं देण्याची मुभा हवी. पहिले तीन आठवडे सगळे ‘पास’ म्हणतील, कोणी शिट्टी वाजवेल. चौथ्या आठवड्यात कोणीतरी सांगतं की घरी म्हैस व्याली, आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात. तुम्हीही उत्तर द्यायचं. बाईंना घरी ‘बेबी’ म्हणतात हे कळल्यावर माझ्या वर्गात दोन दिवस हसणं चाललं होतं, पण त्यानंतर मुलं मला खरं सांगायला लागली.

आता त्या मुलाचं. त्याला बैठकीला बोलावण्याची घाई करू नका. तिघांना घेऊन त्याच्या घरी तर मुळीच जाऊ नका. सोळा दिवस घरात लपलेल्या मुलाच्या दारात त्याच तिघांना उभं करणं म्हणजे पुन्हा ऑफिसच. आधी तुम्ही एकट्या जा. शाळेत परत यायला काय लागेल एवढंच विचारा आणि ‘काही नको’ ऐकायची तयारी ठेवा. पुन्हा जा. कदाचित तो सांगेल, सगळ्यांच्या फोनमधून ते स्टिकर काढा. कदाचित ग्रुप बंद करा म्हणेल, किंवा कवायतीच्या तासाला टी-शर्ट खोचायला लावू नका म्हणेल. काही म्हणेल. जे म्हणेल ते वर्गासमोर त्याचं नाव घेऊन जाहीर करू नका.

त्याच वेळी वर्गात दुसरं काम सुरू करा. स्टिकर बनवणारे तिघे, पण पुढं पाठवणारे किती? हसण्याचे इमोजी टाकणारे किती? ‘हे बरोबर नाही’ असं ग्रुपवर कोणी लिहिलं का? लिहिलं असेल तर त्या मुलाला किंवा मुलीला आधी भेटा. मोबाईलवरच्या छळात तिघांना पकडून उरलेल्यांना मोकळं सोडलं की ते सगळे उद्या त्याच्याकडे वळून बघतात, आणि त्याला नेमकी तीच भीती आहे. गटागटानं गोलात विचारा: ते तुझ्या फोनवर आलं तेव्हा तू काय केलंस? तेव्हा काय वाटलं? आता काय वाटतं? तो त्या गोलात नसेल आणि त्याच्याबद्दल कीवही कोणी करायची नाही. प्रत्येकानं स्वतःपुरतंच बोलायचं.

आणि तुमचा कंसातला मजकूर: ‘(ते स्टिकर मी तक्रारीच्या आधीच पाहिलं होतं. तेव्हा मलाही गंमत वाटली, मी सोडून दिलं.)’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून मी एवढं लांब उत्तर लिहिते आहे. तुम्ही त्या ग्रुपमध्ये आहात हे त्यालाही माहीत आहे. ‘बाईंनीही पाहिलंच असेल’ असं त्यानं धरलं असेल आणि रोज वाट पाहिली असेल.

शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर जा. आईला आधी फोन करून जा, वह्या किंवा बुडालेला अभ्यास सोबत नेऊ नका. तो आतल्या खोलीत असेल, बाहेर यायला वेळ लावेल. बसला की आधी हेच सांगा: ते मी पाहिलं होतं, आणि मी काही बोलले नाही. पुढं ‘पण’ लावू नका. तो ‘ठीक आहे’ म्हणाला तर म्हणा, ठीक आहे म्हणायची गरज नाही. मग गप्प बसा. आई पोहे आणेल, ते खा.